शाळेच्या बाई, चर्चच्या मंडळीतल्या भगिनी, घरातली आजी: तिचं आयुष्य कसं गोळा करायचं आणि कसं लिहायचं

आजी गेली की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, तुझं लिखाण बरंय, तूच लिही आजीवर काहीतरी. मग आपण मोबाईल घेऊन बसतो आणि पहिलं वाक्य आपोआप येतं, "आजी अत्यंत प्रेमळ, शिस्तप्रिय आणि श्रद्धाळू होत्या." हे वाक्य पुसून टाका. ते खोटं आहे म्हणून नाही, तर रिटायर्ड शिक्षिका आणि दर रविवारी चर्चला जाणारी म्हटलं की ते कुणाच्याही आजीला बसतं म्हणून.

यातली खरी अडचण आपल्या भाषेची नसतेच. नातवंडांना आजी भेटते ती रिटायर झाल्यावर. वर्गात पन्नास पोरांसमोर उभी राहणारी बाई आपण पाहिलेलीच नसते आणि चर्चमध्ये पण आपण तिच्या शेजारी बसून कधी संपतंय याची वाट बघत असतो. म्हणजे जिच्यावर लिहायचंय तिचा मोठा भाग आपल्याकडे नाहीच, तो दुसऱ्यांकडे आहे, आणि ते दुसरे पण आता म्हातारे झालेत. त्यामुळे लिहायला बसणं हे शेवटचं काम. आधी गोळा करायचं.

सगळ्यात आधी फोन

हे ऐकायला विचित्र वाटेल पण फुलं वाळायच्या आधी आजीचा फोन ताब्यात घ्या आणि नंबर बंद करायची घाई करू नका. व्हॉट्सॲप अकाऊंट साधारण १२० दिवस वापरलं नाही की डिलीट होतं, आणि बंद केलेला मोबाईल नंबर कंपनी काही काळानं दुसऱ्या कुणाला देऊन टाकते. आजीच्या व्हॉइस नोट मात्र तुमच्या फोनमध्ये पण असतात, ज्या आपण "नंतर ऐकतो" म्हणून सोडलेल्या असतात, ग्रुपवर तिनं सकाळी सकाळी टाकलेलं वचन, खोकत खोकत दिलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्या चॅटमध्ये पडून राहू देऊ नका, चॅट एक्सपोर्ट करताना मीडियासकट करा आणि फाईली कम्प्युटरवर वेगळ्या ठेवा. ग्रुपवर डिसअपिअरिंग मेसेज चालू असेल तर आजच करा. गूगल अकाऊंट असेल तर तिथं दोन वर्षांची मुदत आहे, दोन वर्षं कुणी लॉगिन केलं नाही तर गूगल ते अकाऊंट फोटोंसकट काढून टाकू शकतं. फेसबुकवर घरच्यांनी कळवलं तर प्रोफाईल स्मृती म्हणून ठेवता येतं, पण ते सांभाळणारा माणूस तिनं स्वतः जिवंतपणी नेमलेला असावा लागतो, मागून आपल्याला नेमता येत नाही.

(आजी अजून आहे आणि तुम्ही हे वाचताय? मग बाकी सगळं सोडा, आज तिच्याशी तासभर बोला आणि रेकॉर्ड करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, टीव्ही आणि पंखा बंद करा, फोन तिच्या जवळ ठेवा, तुमच्या नाही. तासाभराच्या वर बसवू नका, म्हातारी माणसं थकली की "हो, तसंच काहीतरी" म्हणायला लागतात.)

माणसांना काय विचारायचं

यादी करा, आणि वयानं सगळ्यात मोठा जो असेल त्याच्यापासून सुरुवात करा, जो जवळ राहतो त्याच्यापासून नाही. तिच्याबरोबर नोकरी केलेल्या बाई, शाळेतला शिपाई, पहिल्या काही बॅचचे विद्यार्थी (हे आता आजी-आजोबा झालेत हे लक्षात ठेवा), संडे स्कूलमध्ये बरोबर शिकवणारी मैत्रीण, गायनमंडळातले लोक, जुने पाळक (प्रॉटेस्टंट धर्मगुरू) किंवा फादर जे आता दुसरीकडे बदलून गेलेत.

"बाई कशा होत्या हो?" असं विचारलंत तर "खूप छान होत्या" एवढंच मिळेल. त्यात त्यांची चूक नाही, प्रश्नच तसा आहे. असं विचारा की ज्याचं उत्तर डोळ्यासमोर काहीतरी आणल्याशिवाय देताच येणार नाही. बाई वर्गात आल्या की पहिलं काय करायच्या? चिडल्या की आवाज चढायचा की उतरायचा? तोंडात कायम असलेलं वाक्य कुठलं? खडू संपत आला की टाकून द्यायच्या की नखाएवढा होईपर्यंत वापरायच्या? ढ मुलाला कुठं बसवायच्या? कधी मारलं का? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा, उत्तर आवडणार नाही कदाचित, पण त्यानंतर माणसं खरं बोलायला लागतात.

मंडळीतल्या लोकांना पण तसंच. कुठल्या बाकावर बसायच्या आणि तिथं दुसरं कुणी बसलं तर काय व्हायचं? गाताना वरचा सूर की खालचा, की नुसतेच ओठ हलवायच्या? उपदेश लांबला की काय करायच्या? कुणाशी पटायचं नाही? ज्या चर्चमध्ये सभासद स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करतात तिथं एक गोष्ट नक्की विचारा, त्यांची प्रार्थना सुरू कशी व्हायची. प्रत्येकाची एक ठरलेली सुरुवात असते, वर्षानुवर्षं तीच, आणि ऐकणाऱ्यांना ती पाठ झालेली असते पण लिहून ठेवावी असं कुणालाच सुचत नाही. ते एक वाक्य मिळालं ना, तर आजीचा आवाज लेखात आला समजा.

दोघांनी एकच गोष्ट दोन तऱ्हेनं सांगितली तर निवाडा करत बसू नका, दोन्ही लिहा आणि कोण काय म्हणालं ते लिहा. हो, आणि प्रत्येक आठवणीखाली सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाका. आत्ता वाटतं लक्षात राहील. नाही राहत.

तिचं बायबल

माझ्या मते अख्ख्या घरात सगळ्यात बोलकी वस्तू हीच, आणि नेमकी हीच लोक पहिल्या आठवड्यात वाटणीत कुणाला तरी देऊन टाकतात. द्या, पण आधी एक दुपार काढून पानन् पान बघा.

बायबलमध्ये कागद असतातच. जुन्या उपासनेच्या पत्रिका, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, विद्यार्थ्यानं दिलेली चिठ्ठी, वाळलेलं फूल, प्रिस्क्रिप्शन. ते उपसून एका पाकिटात भरायच्या आधी प्रत्येक कागद जिथं आहे तिथंच असताना उघड्या पानाचा फोटो घ्या, अध्याय दिसेल असा. कारण कागदाइतकीच त्याची जागा महत्त्वाची. आजोबांच्या अंत्यविधीची पत्रिका स्तोत्र २३ मध्ये ("परमेश्वर माझा मेंढपाळ आहे") सापडली तर त्यात नवल नाही, सगळेच तिथं ठेवतात. पण ती ईयोबाच्या पुस्तकात, म्हणजे सगळं गमावून देवाला जाब विचारणाऱ्या माणसाच्या गोष्टीत, सापडली तर थांबा, तिथं काहीतरी आहे. फोटो काढून झाल्यावर वर्तमानपत्राची कात्रणं आणि फुलं मात्र बाहेर काढून वेगळी ठेवा, त्यांतल्या आम्लामुळे शेजारची पानं पिवळी-तपकिरी पडतात.

मग खुणा बघा. अधोरेखित वचनं, समासातल्या तारखा, एखाद्या वचनाशेजारी नुसतं एक आद्याक्षर. तारखा एका कागदावर उतरवा आणि शेजारी त्या वर्षी घरात, शाळेत काय चाललं होतं ते मांडा. स्तोत्र १२१ शेजारी तारीख आहे आणि ती मुलाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची निघते, असं काही जुळलं की लेखाला आपोआप आकार येतो. नाही जुळलं तर ओढूनताणून जुळवू नका, "या तारखेला काय झालं ते घरात कुणाला माहीत नाही" एवढं लिहिलं तरी वाचणारा थबकतो.

बऱ्याच जुन्या कौटुंबिक बायबलमध्ये जुना करार आणि नवा करार यांच्यामध्ये जन्म, लग्न, मृत्यू लिहायची पानं असतात. ती मिळाली तर हरखून जाऊ नका लगेच, आधी मुखपृष्ठाच्या आतलं छपाईचं वर्ष बघा. समजा बायबल १९५८ मध्ये छापलंय आणि पहिली नोंद १९३१ मधल्या जन्माची, तर ती नोंद नंतर आठवून किंवा दुसरीकडून उतरवून लिहिलेली आहे. वेगवेगळ्या वर्षांच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या असतील तरी तेच, एका बैठकीत लिहिल्यात. चूक असेलच असं नाही पण पडताळून घ्यायची.

आणि पाठपुठ्ठा सुटला असेल तर सेलोटेप लावू नका, कृपया. टेपचा गोंद काही वर्षांनी कागदात उतरतो आणि डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर कुठल्याच जुन्या कागदाला नको, परत काढता येत नाही. साध्या सुती फितीनं बांधून ठेवा.

प्रार्थनेची वही वेगळी निघाली तर ती वाचा, पण जशीच्या तशी कुठं टाकू नका. त्यात दुसऱ्यांची आजारपणं, मोडलेली लग्नं, दारू, कर्ज सगळं नावानिशी असतं, आजीनं ते देवाला सांगितलेलं, आपल्याला नाही.

चर्चचं रजिस्टर आणि शाळेचं दप्तर

तारखा घरातल्या लोकांच्या आठवणीवर सोडू नका. चर्चची दप्तरं बऱ्याच ठिकाणी सरकारी नोंदींपेक्षा जुनी आहेत, इंग्लंडमध्ये १५३८ मध्येच प्रत्येक पॅरिशनं (एका चर्चच्या हद्दीतली मंडळी) बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवायचा हुकूम निघाला होता, आणि कॅथलिक चर्चमध्ये ट्रेंटच्या धर्मसभेनं १५६३ मध्ये लग्नाचं रजिस्टर ठेवणं सक्तीचं केलं. आजी कॅथलिक असेल तर तुमचं काम सोपंय, कारण जिथं बाप्तिस्मा झाला त्या पॅरिशच्या रजिस्टरमध्ये तिच्या नोंदीशेजारीच पुढे दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि लग्न झाल्याचं पण टिपून ठेवायचा नियम आहे, मग ते दुसऱ्या गावात झालं असलं तरी. म्हणजे एका पॅरिशला अर्ज केलात की आयुष्याचे तीन टप्पे एका ओळीत. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये असा एकच नियम सगळीकडे नाही, तिथं सभासदांची यादी, एका मंडळीतून दुसरीकडे बदली झाल्याचं पत्र, समितीच्या सभांची इतिवृत्तं आणि महिला मंडळाचे वार्षिक अहवाल बघा. अहवालात नाव सापडतं, आणि कधीकधी तिनं कुठल्या ठरावाला विरोध केला ते पण!

शाळेत गेलात तर थेट ऑफिसात "आजीचं काही आहे का" विचारू नका, "नाही" म्हणतील. नेमकं मागा. हजेरीपट, नेमणुकीचा आदेश, वार्षिक अंक, बक्षीस समारंभाचे कार्यक्रम, स्टाफचे ग्रुप फोटो. लग्नाआधीच्या नोंदी माहेरच्या नावानं असणार, ते नाव सांगा. आणि नोकरीत मधेच काही वर्षांची रिकामी जागा दिसली तर "मुलं लहान होती" असं धरून चालू नका. बऱ्याच देशांत लग्न झालं की शिक्षिकेला नोकरी सोडावी लागायची, इंग्लंड-वेल्समध्ये हे १९४४ च्या शिक्षण कायद्यानं बंद झालं, आयर्लंडमध्ये प्राथमिक शिक्षिकांना १९५८ पर्यंत थांबावं लागलं. त्यामुळे तिनं सोडली की सोडायला लावली हे बघा, या दोन वाक्यांत फार फरक आहे.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. मागे बॉलपेननं लिहू नका, दाबाचा वळ पुढे उठतो, मऊ पेन्सिलनं कडेला हलकं लिहा. छोटे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, पत्रं-वह्यांना ३०० चालतं. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर ओढू नका, दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा. तरीही नाही निघाला तर पानासकट स्कॅन करा आणि सोडून द्या.

आता लिहायचं

एवढं जमलं की लोक जन्मापासून सुरू करतात आणि नोकरी लागेपर्यंत वाचणारा झोपतो. जन्म, गाव, शिक्षण, नेमणुका यांची एक वेगळी पानभर टिपणी करा आणि शेवटी जोडा. लेख मात्र अशा ठिकाणाहून सुरू करा जिथं आजी काहीतरी करतेय.

विशेषणाचा हिशोब असा ठेवा, एखादा गुण लिहावासा वाटला की त्याच्यासाठी कुणी काय सांगितलं ते शोधा, आणि ते सापडलं की गुणाचं नाव काढून टाका. समजा तुम्ही लिहिलंय "बाई शिस्तप्रिय पण मायाळू होत्या." आणि एका विद्यार्थ्यानं सांगितलंय की बाई वहीवर मार्क पेन्सिलनं लिहायच्या, चूक सुधारून आणली की सगळ्यांसमोर जुने मार्क खोडायच्या आणि नवे द्यायच्या, पण खोडलेले पुसट दिसतील इतकेच खोडायच्या. झालं. शिस्त पण आली, माया पण आली, आणि ती पुसट रेघ दुसऱ्या कुणाच्या आजीची असूच शकत नाही.

श्रद्धेबद्दल लिहिताना दोन टोकं टाळा. एक म्हणजे तिला संत करणं. ती काही वर्षं चर्चला जातच नव्हती, पाळकांशी भांडली होती, नवऱ्याच्या मृत्यूनंतर गायची बंद झाली होती, हे माहीत असेल तर लिहा, त्याशिवाय परत जाण्याला काही वजनच नाही. दुसरं टोक म्हणजे तुम्ही स्वतः मानत नसाल तर "तिचा आपला भाबडा विश्वास" असा सूर लावणं. तुमचं मत कुणी मागितलेलं नाहीये. ती काय करायची ते लिहा. पहाटे किती वाजता उठायची, कुणाला भेटायला हॉस्पिटलात जायची, दानपेटीत टाकायचं पाकीट शनिवारीच तयार ठेवायची का, वचन पाठ म्हणताना कुठं अडखळायची.

आणि शाळा एका भागात, चर्च दुसऱ्या भागात, घर तिसऱ्या भागात असे कप्पे करू नका. ती एकच बाई होती. संडे स्कूलला पण ती हजेरी घ्यायची का? वर्गात गोष्ट सांगताना येशूच्या दाखल्यांसारखी सांगायची का? नातवंडांच्या पत्रातल्या चुका लाल करून परत पाठवायची का? जिथं एकीकडची सवय दुसरीकडे घुसलेली दिसते तिथं ती खरी सापडते, मी तर तेवढ्याच जागा शोधत बसलो असतो आणि बाकीचं निम्मं कापलं असतं.

चर्चमध्ये उभं राहून बोलायचं असेल तर

आधी पाळकांना किंवा फादरना विचारा. कॅथलिक अंत्यविधीच्या मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) उपदेशाच्या जागी गुणगौरवाचं भाषण चालत नाही, तसा नियमच आहे. घरच्यांपैकी एकाला आठवणीचे चार शब्द बोलायला सहसा कम्युनियननंतरची (पवित्र भाकर घेतल्यानंतरची) प्रार्थना झाल्यावर, शेवटच्या निरोपाआधी वेळ देतात, नाहीतर आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत. बाकी मंडळ्यांमध्ये जास्त मोकळीक असते आणि तिथं उलटा धोका असतो, सगळेच बोलतात.

पाच मिनिटं पुरेत. मोठ्यानं, सावकाश वाचून पाच मिनिटांत जेवढं होतं, त्याच्या वर लिहूच नका. मोठ्या अक्षरात प्रिंट काढा, फोनवरून वाचू नका कारण डोळे भरले की स्क्रीन दिसत नाही आणि मधेच लॉक होते. पानं एकाच बाजूला छापा, नंबर टाका. आणि एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या ज्याला तुम्ही अडकलात तर पुढे वाचता येईल. तिचे विद्यार्थी समोर असणार, त्यांना हसायला एक तरी जागा ठेवा, ते वाटच बघत असतात.

लिहून झाल्यावर

ऑनलाईन टाकण्याआधी पूर्ण जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव आणि घराचा पत्ता काढा. बँका ओळख पटवायला हेच विचारतात आणि फसवणारे लोक निधनाच्या बातम्या वाचत असतात. अंत्यविधीची वेळ जाहीर केली असेल तर त्या वेळात घरी कुणीतरी थांबवा, घर रिकामं आहे हे आपणच जगाला सांगितलेलं असतं. ज्या विद्यार्थ्यांच्या गोष्टी लिहिल्यात, खासकरून फी भरली, घरी ठेवून घेतलं, नापास झाला होता अशा, त्यांना आधी वाचायला द्या, नाव ठेवायचं का विचारा.

फाईलच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. एक छापील प्रत शाळेच्या लायब्ररीला द्या, एक चर्चच्या ऑफिसला, आणि शेवटच्या पानावर तारीख आणि दुरुस्त्या कुणाला कळवायच्या त्याचं नाव लिहा. फोन येतातच. कुणीतरी सांगेल की त्या ग्रुप फोटोत डावीकडून तिसऱ्या बाई तुमची आजी नाहीच, ती गायनाची टीचर, आजी मागे उभी आहे, अर्धी झाकलेली. ते ऐका, विचारा अजून काय आठवतं, आणि पुढच्या प्रतीत घाला.